दोन शब्द

शीर्षक तीन ओळींत बसेना,
म्हणून मी दोन शब्द काढले :
पोलिसांच्या मते.
रात्रीचे पावणेबारा. खाली यंत्र तापलेलं,
मेस्त्री जिन्यातून ओरडत होता, 'पान सोडा!'
मी पान सोडलं.

सकाळी साडेचार हजार प्रतींत
रे रोडच्या गोदामाला
वॉचमनच्या झोपेनं आग लावली.

आठ दिवसांनी ती आली.
रुकय्या परकार. आमचे तीन जिने
दोनदा थांबून चढलेली.
भांडली नाही. बसलीही नाही.
पिशवीतून फोन काढला, काच तडकलेला.
एकाच नंबरला सात कॉल,
एक बावन्न ते दोन नऊ.
'झोपलेला माणूस एकशे एक लावतो का हो?'

मी पोलिसांच्या पत्रकाचं बोललो.
पत्रक होतंच माझ्याकडे, शिक्क्यासकट.
ती म्हणाली, 'मग तसं लिहायचं ना, की ते म्हणतात.
हे तर तुम्हीच म्हणालात.'

आमच्या कचेरीत तत्त्वं भिंतीवर लावलेली नाहीत.
भिंतीला ओल आहे, कागद टिकत नाही.

'पान पाच, खाली चौकट,' मी सुचवलं,
'दिलगीर आहोत, वगैरे.'
'आगीची बातमी कुठल्या पानावर होती?'
पहिल्या.
'केवढी?'
देवस्थळीबाईंनी खणातून पट्टी काढली,
जुना अंक टेबलावर पसरला, मापला.
चार कॉलम, बावीस सेंटिमीटर.
'तेवढीच,' बाई म्हणाल्या,
आणि चष्मा पुसत बसल्या, बराच वेळ.

त्या अंकात पहिल्या पानावर जाहिरात होती :
शिवडीतला नवा मनोरा, खाडी दिसण्याची हमी.
ती आत सरकवली, तर बिल्डरनं काढूनच घेतली.
पगार वीस तारखेला झाले. अर्धे.
मेस्त्री काही बोलला नाही. त्या रात्री
जिन्यातून ओरडलाही नाही.

दुरुस्ती मीच लिहिली.
चार कॉलम भरायचे तर
दिलगिरी पुरत नाही, माणसाकडे जावं लागतं.
इस्माईल परकार इस्पितळात,
हात कोपरापर्यंत पट्ट्यांत.
म्हणाला, गोदामाला मागं दार होतं.
माल वाढला, दार भिंतीत गेलं.
म्हणजे बातमी ही होती,
आणि मी ती झोपेत छापली होती.

मालकाला तीनदा फोन केला.
'बोलायचं नाही' म्हणाला, तेही छापलं.
आणि परकार म्हणतात ते
परकार म्हणतात असंच लिहिलं,
मला कितीही पटलं तरी.

रुकय्या अंक घ्यायला आली नाही.
तिला वाचायला मिळाला की नाही, माहीत नाही.

काल कॉटन ग्रीनला चहा पीत होतो.
फळीवर साखरेच्या डब्याखाली अंथरलेला कागद
ओळखीचा वाटला. डबा सरकवला.
तेच शीर्षक. तीन ओळींत
किती नीट बसलेलं.
पेन काढलं आणि वरच्या कोऱ्या पट्टीत
दोन शब्द लिहिले.
जागा होती. चिकार होती.

'हिशेब मांडताय काय?' चहावाल्यानं विचारलं.
हो म्हटलं,
आणि डबा होता तिथे ठेवला.