कंधारला बर्फ

फोन आला तेव्हा मी चहात बिस्कीट बुडवत होते.
"म्याडम, तुमचं ॲप म्हनायलंय बुधवारी कंधारात बर्फ पडनार.
हरभरा घाट्यात आलाय. गोधडी टाकू का वावरावर?"
ग्यानोबा पेठकर, बहादरपुरा.
ते हसत होते. मला हसता येईना,
ते ॲप तपासायचा मला पगार मिळतो.

नांदेड, तरोडा नाका, दुसरा मजला.
खाली मोटार रिवायंडिंगचं दुकान,
दुपारी जळक्या वार्निशचा वास जिन्यानं वर येतो.
टेस्टिंगच्या फोनची चार्जिंग पिन गेलेली,
म्हणून मुबीननं स्वतःचा दिला, काच तडकलेला.
"आपा, फोटुआँ नको खोलो."

आधी दोघांना एका वायफायवर आणायचं,
लॅपटॉपला आणि फोनला.
मग वायफायच्या नावावर बोट दाबून धरायचं.
प्रॉक्सी : मॅन्युअल.
पत्ता : एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, तेवीस.
पोर्ट : आठावर आठ, चार वेळा.
आता हा फोन जगाशी जे बोलेल
ते माझ्या ओसरीवरून जाईल.

पण पाकीट चिकटवलेलं.
कोण कुणाकडे गेलं, किती वाजता, हातात केवढी पिशवी,
गल्लीतल्या बाईला दिसतं तेवढंच मला दिसतं.
आत बघायचं तर फोनला सर्टिफिकेट द्यावं लागतं
की ही बाई भरवशाची आहे.
मीच केलेलं, सहीसुद्धा माझीच.
फोन आधी पिन मागतो,
मग बजावतो : तुमच्या नेटवर्कवर कुणीतरी पाळत ठेवू शकतं.
कुणीतरी म्हणजे मीच रे बाबा.
'ठीक आहे' दाबलं.
इतक्या लवकर मला आजवर कुणी आपलं म्हटलेलं नाही.

ॲप मात्र अडून बसलं.
त्याला बाहेरची सही चालत नाही, आम्हीच शिकवलंय तसं.
शेवटी टेस्टिंगची बिल्ड टाकली
आणि ओळी पडायला लागल्या,
करड्या, हिरव्या, मधेच एक लाल.

त्यातच मुबीनच्या होत्या.
क्रिकेटचा स्कोअर. नमाजच्या वेळा.
पुण्यातल्या नोकऱ्यांची एक साईट,
सकाळपासून चार वेळा.
फोटो मी उघडले नव्हते.
मग फिल्टर लावला, फक्त आमचं डोमेन.
फिल्टर आधी लावायचा असतो, हे मला येतं.

आणि सापडलं.
फोन विचारत होता : कंधार. स्पेलिंग बरोबर.
पलीकडच्या सर्व्हरला वाटलं, एक अक्षर राहिलंय बिचाऱ्याचं,
म्हणून मधे एक 'ए' घातला
आणि मन्याडकाठचं गाव उचलून अफगाणिस्तानात ठेवलं.
अक्षांश एकतीस. तापमान उणे दोन. हलका हिमवर्षाव.
किती नीट, कंसात कंस, स्वल्पविराम जागच्या जागी.

नावाऐवजी अक्षांश-रेखांश पाठवा, असं लिहून दिलं.
संध्याकाळी पेठकरांना फोन केला :
बर्फ नाही, ऊनच आहे.
"अरारा," म्हणाले, "पोरं वाट बघायलीत की."

सर्टिफिकेट काढलं, फोन परत दिला, सहाची सिटी बस धरली.

रात्री साडेदहाला अनोळखी नंबर.
मुबीन ऑफिसच्याच मागच्या खोलीत झोपतो,
वॉचमनच्या फोनवरून बोलत होता.
"आपा, वायफाय है, नेट नै चल रा."
प्रॉक्सी काढायची राहिली होती.
त्याचा फोन अजून तेवीस नंबरचं दार ठोठावत होता
आणि तेवीस नंबर माझ्या पिशवीत,
डब्याशेजारी, बंद.

वायफायवर बोट दाबून धर, म्हटलं.
खाली ये. प्रॉक्सी. तिथं 'काही नाही' कर.
"हौ. आया."
मग तो जरा थांबला. फोन ठेवेना.
मीही पुण्याचं काही विचारलं नाही.