अकरा मिनिटं

टीझर येणार म्हणून सोमवारी एक टीझर आला,
खरा टीझर बुधवारी,
आणि ट्रेलर शुक्रवारी अकरा वाजून सात मिनिटांनी.
मुहूर्तावर. आमच्यात लग्नाला एवढं बघत नाहीत.
मी लेथ बंद केला,
आणि उद्यमनगरातल्या त्या गाळ्यात
पाच जणांनी एका तडकलेल्या काचेत डोकी घातली.
नायक पावसात मारतो, आगीत मारतो,
मधे एक गाणं,
शेवटी बाप मरतो, तेही दाखवून टाकलं.
'कसा वाटतोय, सेन्सॉर?' इर्शादनं विचारलं.
(मला सेन्सॉरच म्हणतात. पंधरा वर्षं झाली.)
म्हटलं, आता तिकीट काढून काय बघायचं?
तेराव्याचं जेवण?

दुपारी बातमी आली :
तिकडं कुठल्याशा समुद्रकाठच्या महोत्सवात
एका सिनेमाला लोक नऊ मिनिटं उभं राहून टाळ्या वाजवत होते.
नऊ मिनिटं!
तेवढ्यात माझे तीन बुश निघतात.
कुणी मोजत बसलं असंल हे,
आणि तो हात कुठल्या हातानं वाजवत असंल?

मग महोत्सव आमच्याच गावात आला.
गडहिंग्लजची मावशी आजारी पाडून मी दोन दिवस सुट्टी काढली.
गळ्यात कार्ड अडकवलं तर बायको म्हणाली,
बेंदराला बैल सजवतात तसं दिसतंय.

तीनचा खेळ. देशाचं नाव मला उच्चारता येईना.
शेजारी कानाला मफलर गुंडाळलेला माणूस,
अंगाला दुधाचा वास.
'हिंदुराव,' म्हणाला, 'गंगावेशीत कट्ट्यावर असतो.
पास पोराचा हाय. पोरगं आलं न्हाई.'

पडद्यावर गोठा.
एक म्हातारी गाईखाली बसली.
बसली ती बसली.
सबटायटल नाही, संगीत नाही,
कॅमेरा खुंट्याला बांधल्यासारखा.
चौथ्या मिनिटाला मोबाईल उजळले,
सहाव्याला खुर्च्या धाडधाड वाजायला लागल्या.
उद्या गाळ्यात काय सांगायचं ते माझं ठरलं होतं :
ताणलाय. कात्री पाहिजे.

हिंदुराव माझ्याकडं झुकले.
'धार वाजत न्हाई.'
'काय?'
'बादलीत. आवाज न्हाई बघा.
गाय आटलीया. म्हातारी उगंच बसलीया.'

तेव्हा मी ऐकलं.
तेव्हा मला दिसलं की बोटं चालतायत
आणि बादली कोरडी आहे,
की भिंतीजवळ दुसरं एक स्टूल आहे
आणि त्यावर एक टोपी.
एवढा वेळ तिथंच होती.
एवढे पिक्चर बघितले मी,
दर शुक्रवारी पहिला खेळ, परीक्षेच्या आदल्या रात्रीही,
आणि बादलीकडं बघायचं मला एका गवळ्यानं सांगितलं.

दिवे लागले तेव्हा शेजारची खुर्ची रिकामी.
टाळ्या वाजल्या असतील.
मोजायचं राहिलं.

'कसा होता?' इर्शाद म्हणाला.
पितळेचा चुरा उडत होता, मी चष्मा चढवला.
म्हटलं, धार वाजत नव्हती.
त्यानं माझ्याकडं असं बघितलं,
की मावशी नाही, मीच आजारी होतो.

रात्री गंगावेशीत गेलो.
म्हैस उभी, ग्लास घेतलेली माणसं उभी,
चर्र चर्र करत फेस वर चढत होता.
हिंदुरावांनी मान वर न करताच ओळखलं.
'त्या म्हातारीचं फुडं काय झालं वो?
धारंची वेळ झाली, म्या मधनंच उठलो.'

मी, सेन्सॉर.
मध्यंतरातच शेवट सांगून दोस्तांची मजा घालवणारा.
हातातला ग्लास गरम होता.
खिशात कुठलासा नवा ट्रेलर थरथरून गेला.
म्हटलं, परत लागला की बघूया.
दोघं जाऊ.

तो परत लागणार नाही, हे मला माहीत होतं.
त्यांनाही असावं.
त्यांनी माझा ग्लास मागून घेतला
आणि वर आणखी एक धार मारली.