थकबाकी

पत्रात एकच तारीख ठळक छापलीय: चौदा मार्च.
त्या दिवशी म्हणे मी मोडले.

आठवून पाहते. चौदा मार्चला काय केलं होतं मी?
बहुतेक वाटाण्याचं सूप.
दाराच्या फटीतला बर्फ चमच्यानं खरवडला.
ओदील शाळेतून आली, एका पायात मोजा नव्हता,
त्यावरून आम्ही दोघी हसलो.
काही मोडल्याचा आवाज झाला नाही.

मोडले होते मी आधीच, ऑक्टोबरात,
कॅरिबूच्या बटाट्याच्या गोदामात,
सरकत्या पट्ट्यापाशी उभी. दगड वेचायचे, ढेकळं वेचायची,
बटाटे पुढं जाऊ द्यायचे.
वाकले, ती सरळ झालेच नाही.
मुकादम म्हणाला, बस जरा, कोरीन.
बसले, ती बसलेच.

पण न्यायाधीशाला कागद लागतो,
आणि ऑक्टोबरात माझ्यापाशी डॉक्टर नव्हता,
गरम पाण्याची पिशवी होती.
तिला सही करता येत नाही.
कण्याचा पहिला फोटो निघाला मार्चात.
सुनावणीआधी वकीलबाई, मिसेस पेल्की, हळूच म्हणाल्या,
तारीख पुढं घेतलीस तर आजच सुटशील.
मी पाच महिन्यांचं दुखणं
तिथंच, कॉफीच्या यंत्राशेजारी, सोडून दिलं.

मग त्यांनी हिशेब समजावला.
अर्धा मार्च धरत नाहीत.
एप्रिल, मे, जून, जुलै, ऑगस्ट:
हे पाच कोरडे, कायदाच तसा,
माणूस खरंच पडून राहतो का, ते बघायचे.
(मी पडून होते. छतावरच्या डागाचा नकाशा मला पाठ आहे.)
सप्टेंबरपासून मोजायचं, निकालाआधीच्या जानेवारीपर्यंत.
सतरा महिने.
अकराशे चाळीस गुणिले सतरा,
त्यातला चौथा हिस्सा वकीलबाईंचा,
उरले चौदा हजार पाचशे पस्तीस डॉलर.
बुधवारी पहाटे खात्यात आले,
कुणी दार वाजवलं नाही, कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

थकबाकी.
शब्द जरा सावकाश वाचा:
आधी थकायचं,
मग बाकी.

मी वही काढली. तेलवाल्याचे नऊशे.
नणंदेचे सहाशे, ती विसरले म्हणते, विसरलेली नाही.
रोझेरची करवत गहाणातून सोडवायची,
पण ती कधीच विकली गेली, दुकानदार म्हणाला,
तशीच दुसरी आहे, घेता?
तशीच नव्हती. घेतली.

आणि जिल्बेर.
दोन हिवाळे पहाटे साडेचारला
आमच्या वाटेवरचा बर्फ त्यानं ढकलला,
न बोलावता. त्याच्या गाडीचा पिवळा दिवा
छतावरच्या त्या नकाशावरून फिरून जायचा,
मी मनात म्हणायचे, पैसे आले की पहिले याचे.
नोव्हेंबरात तो गेला.
माझी फाईल तेव्हा बॅंगरला की बाल्टिमोरला,
कुणाच्या तरी टेबलावर उताणी पडली होती.

त्याच्या मुलीकडे पाकीट घेऊन गेले.
ती भांडी घासत होती, हात पुसले, वही चाळली त्याची.
मंगळवारी माशाचं जाळं, शुक्रवारी दाढदुखी,
पेट्रोल, पेट्रोल, बिंगोत अकरा डॉलर हरले.
तुमचं नाव कुठंच नाही, म्हणाली.
तुम्ही काही देणं लागत नाही.

मी म्हटलं, नीट बघ.
सरकारला सुद्धा आधी माझं नाव सापडलं नव्हतं.
दोनदा.

ती पुन्हा पहिल्या पानावर गेली,
मी खुर्ची ओढली,
कण्याला उशी लावली,
आणि वाट बघत बसले.
ते मला आता चांगलं जमतं.