मात्रेच्या जागी चंद्र

पत्र्यावर कागद, कागदावर सेल्युलॉइड,
मधोमध पुढाऱ्याचा गुळगुळीत चेहरा,
कडेनं गोल फिरत गेलेली अक्षरं:
टॅमरॅक बँडला भेट, नऊ ऑक्टोबर.

गावाचं नाव टॅमरॅक बेंड.
नदी तिथं वळते म्हणून.
मराठीत लिहिलं तर
मात्रेच्या जागी चंद्र, एवढीच चूक.

ऑर्डर दिली होती एइनो राउतिओनं,
फिनलंडहून तांब्याच्या खाणीत आलेला,
किराणा दुकानातल्या टेलिफोनवरून, थेट शिकागोला,
ओरडून,
कारण लांबच्या माणसाशी मोठ्यानं बोलावं लागतं
असं त्याला वाटे.
तीनशे नग. पैसे आगाऊ.

खोकं उघडलं तेव्हा गाडी यायला दोन दिवस.
बायको म्हणाली, लावा तसेच. वाचतंय कोण?

वाचलं एकानंच.
सात मिनिटांचा थांबा. मागच्या डब्याचा कठडा.
दिवसातलं सहावं गाव.
पुढाऱ्यानं हात वर केला, तोंड उघडलं,
आणि नाव आठवेना.
पहिल्या रांगेत एइनोची ऐली, वय नऊ,
थोरल्या बहिणीचा कोट, कोटावर बिल्ला.
त्याची नजर खाली आली, अक्षरांवरून फिरली.
‘टॅमरॅक बँड!’ तो गरजला.

बँडला वाटलं, आपल्यालाच हुकूम.
योसो व्हर्टिननं काठी उचलली
आणि मग कसलं भाषण!
पुढाऱ्याचे ओठ हलत राहिले,
खाणीबद्दल असेल, पगाराबद्दल असेल,
ढोलाखाली काय ते कळलं नाही,
आणि गाडी वळणाआड गेली.

गाव महिनाभर हसलं.
एइनोही हसला, सगळ्यांच्या नंतर.
टेलिफोनला मात्र त्यानं पुन्हा हात लावला नाही.
ऐली नंबर मागायची, तो मागं उभा राहून
फिनिशमध्ये कुजबुजायचा:
कोळसा. खोकल्याचं औषध.
एकदा शवपेटी, लहान मापाची.
आणि ती स्वच्छ इंग्रजीत सांगायची,
एकही अक्षर न सांडता.

ऐली आता ब्याऐंशीची.
टाचणी गंजून तुटली, बिल्ला औषधांच्या डबीत.
तो पुढारी निवडून आला का?
‘बघा कुठंतरी लिहिलेलं असेल,’ म्हणते.

परवा दवाखान्यातून फोन आला, पत्ता विचारायला.
‘टॅमरॅक बँड,’ ती म्हणाली.
पलीकडून: काय म्हणालात?
तिनं पुन्हा सांगितलं, तसंच,
जरा मोठ्यानं.