चेंबर नंबर चार

या महिन्यात ऐकलेलं, आठवेल तसं सांगतो.

आधी तो नॉर्वेचा. नाव वाचता आलं नाही,
कव्हरवर वाळक्या बाभळीच्या फांद्या पसराव्यात तशी अक्षरं.
सात गाणी, त्रेपन्न मिनिटं.
गिटार म्हणजे पत्र्यावर गारा,
आणि गाणारा असा किंचाळतो
की याला विहिरीत उतरवून
वरची माणसं जेवायला निघून गेली.
मे महिन्यात सावद्याच्या स्टँडवर ऐकला,
दुपारी दोनला, शेहेचाळीस डिग्रीत.
फालतू वाटला.
बर्फाचं दुःख घामात कळत नाही.
परवा रात्रपाळीला, साडेतेरा डिग्रीत,
बाराशे क्रेट हिरव्या केळींच्या मधोमध
परत लावला. पंखे खालून, ढोल वरून.
काम संपलं होतं तरी पाच मिनिटं आत थांबलो,
स्वेटर दाराबाहेर खिळ्यालाच होता.

सिकंदर तडवीला ऐकवला. क्रेट खाली न ठेवताच म्हणाला,
माझा काका मक्यातली रानडुकरं हाकलायला असाच ओरडतो,
पण डुकरं जातात.
मग थोड्या वेळानं,
हा माणूस सरळ रडत का नाही?

दुसरा, धुळ्याचा पोऱ्या, देवपूरचा. हिपहॉप, अहिराणीतून.
पहिली तीन गाणी सोडून द्या.
साखळी, गाडी, जळणारे लोक.
ती गाडी मी पाहिलीय. एमएच अठरा, मागे त्याच्या मेव्हण्याचं नाव.
चौथ्यात बीट चांगला आहे, शब्द उरकलेत.
पाचवं मात्र.
पाचव्यात बीट जवळजवळ नाहीच,
कुणीतरी स्टीलच्या डब्यावर बोट वाजवतंय, आणि तो म्हणतो,
बापना फोटो नही घरमा, प्रगतीपुस्तकवर सही शे.
एवढंच. पुन्हा म्हणत नाही.
दुसरा कुणी असता तर त्याचं धृपद करून
गणपतीपर्यंत वाजवलं असतं.

तिसरा कुण्या एकट्यानं घरात बसून केलेला, पुन्हा काळा मेटल.
ढोल मशीनचे, अंधार उसना.
अठरा मिनिटांच्या गाण्यात नवव्या मिनिटाला सगळं थांबतं,
मला वाटलं, काय हिंमत आहे.
लाईट गेली होती. वायफाय, पंखे, सगळंच.
अकरा सेकंदांनी जनरेटर धरला
आणि तो परत सुरू झाला, आधीइतकाच वाईट.
त्या अकरा सेकंदांना मी दहापैकी आठ देतो.

आता तीन वाजलेत. मोबाईल सात टक्के.
दिल्लीची गाडी गेटवर हॉर्न देतेय, भंगाळे शेठ शिव्या.
सिकंदरला पाचवं परत ऐकायचंय.
डावा कान माझ्या हेडफोनचा बिघडलेला,
वायर एका ठराविक जागी वाकवली तरच येतो.
तोच त्यानं घेतलाय.
फणी हाताळावी तशी चिमटीत वायर धरून
थंडीत उभा आहे, हलत नाही,
मानही डोलवत नाही.