पाठीतली फुलपाखरं

वडगावहून आलेल्या चार वर्षांच्या दुर्वाला
म्हटलं, श्वास धर. तिनं नाक धरलं.
मग पडद्यावर तिचा कणा उजळला,
तीन मणके मधोमध दुभंगलेले,
पंख पसरून बसल्यासारखे.
"फुलपाखरं," माझ्या तोंडून गेलं.
बावीस वर्षं या खोलीत काढली,
एवढं तरी कळायला हवं होतं
की काचेपलीकडे आई उभी असते.

सुमंगला आधी हसली. मग विचारलं,
"बरं असतंय काय, तसलं असल्यालं?"

पोरीचे डोळे हळदीचे, अंगभर नखांच्या रेघा.
रात्री हातांना मोजे बांधतात
तरी उशीवर रक्ताचे ठिपके.
पित्ताच्या नळ्या मोजक्याच, असं रिपोर्टात.

धारवाडहून दर गुरुवारी येणारे डॉक्टर बडिगेर
कागदावर दोन गोल काढून सांगत होते,
मी फिल्म द्यायच्या निमित्तानं रेंगाळले.
शंभर वर्षांमागं कुणाला
माशीच्या पंखाच्या काठाला खाच दिसली,
नाव तेच राहिलं: नॉच.
पेशीचा कान आहे म्हणे तो,
पण लांबची हाक त्याला ऐकू येत नाही.
शेजारणीनं अंगाला अंग लावून
ओढावं लागतं. ओढलं की तो तुटतो,
बाहेरचा तुकडा तिच्या हाती,
आतला धावत सुटतो थेट देवघरापर्यंत
आणि तिथं निरोप देतो: तू नळी हो.
किंवा: तू थांब, आधी तिला होऊ दे.
दुर्वाच्या पेशींत
ओढणारा हातच निम्मा.

सुमंगला मागावर बसणारी. म्हणाली,
"म्हंजे धोटा जातोय, पलीकडं कोण धरीना."
डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

मला येळ्ळूरचा मुलगा आठवला, गेल्या दिवाळीतला.
त्याच्या रक्तात हीच हाक
थांबतच नव्हती.

मग आईचाही एक्स-रे काढायला सांगितला.
मंगळसूत्र शेजारणीकडे देऊन
ती प्लेटला टेकून उभी राहिली,
श्वास धरला, अगदी बरोबर.
एकच. सातव्या मणक्याच्या जागी.
मागावर वाकून वाकून झिजलेल्या पाठीत
इतकी वर्षं मुकाट बसलेलं.
हनुवटीही तीच, लेकीसारखी टोकदार,
आत्ता दिसली मला.
या खेपेला मी काही बोलले नाही.

बाहेर बाकावर निंगव्वा
दुर्वाचे दोन्ही हात मुठीत घट्ट धरून बसलेली,
खाजवू नये म्हणून.
पोर मराठीत रडत होती,
ती कानडीत म्हणत होती, "एन् आगंगिल्ल, बिडव्वा,"
आणि मंगळसूत्र तिच्या मनगटावर लोंबत होतं.

दोन पाकिटं. मी नावं घातली.
आईच्या पाकिटावर, वयाच्या रकान्यात,
चार लिहिलं गेलं.