फुसका बार

आबांच्या दाढीच्या डब्यात,
ब्लेडच्या गंजलेल्या पाकिटाखाली,
ते सापडलं.
करंगळीच्या पेराएवढं पितळ,
तोंडाला शिशाचा काळपट दाणा.
बावीस बोराचं. सशासाठी, फार तर लाव्ह्यासाठी.
डुकराला मारलं तर डुक्कर मागं वळून बघेल, एवढंच,
असं आबाच म्हणायचे.

बंदूक गेल्या महिन्यात शाहूपुरी ठाण्यात जमा केली,
पावती माझ्या पर्समध्ये, दवाखान्याच्या बिलांत.
मागं राहिलं हे एकच
आणि ह्याची गोष्ट.

गोष्ट घरात सगळ्यांना पाठ:
मसाईचं पठार, थंडी, गवतावर दहिवर,
शिकारीवर बंदी यायच्या आधीचा एक रविवार.
ससा वीस पावलांवर मागच्या पायांवर उभा राहिला,
मिशा हलवल्या, आणि असं बघितलं
की आबांनी बंदूक खाली घेतली.
"जा म्हटलं, लेका, पोरं वाट बघत असतील तुझी."
हे सांगताना ताटात तांबडा रस्सा,
आणि आबा नळी चोखत असायचे.
आई वाढता वाढता म्हणायची, "व्हय, लई दयाळू."

बिंदू चौकामागचं शिकलगारांचं दुकान
आता निम्मं कुलपांचं आहे.
दस्तगीरचाचांनी काडतूस भिंगाखाली धरलं,
बुडाकडून फिरवलं. परत फिरवलं.
"ह्याच्यावर चाप ओढलाय की, बाई."
नाही, म्हटलं, ते नुसतं ठेवून दिलेलं.
"मग हे काय?"
कडेला पिनेचा ठोका.
आणि बरोबर समोरच्या कडेला दुसरा.
"पहिल्यांदा बार फुसका गेला.
काढलं, फिरवून घातलं, परत ओढला.
सशाचं नशीब म्हणा."

मी काहीच म्हटलं नाही.
माझ्यामागं एक माणूस
कपाटाची हरवलेली किल्ली करून घ्यायला थांबला होता.

"जिवंत हाय अजून. असं घरात ठेवू नका."
पकडीनं त्यांनी शिसं हळूच उपटलं,
चिमूटभर दारू सांडली जुन्या पेपरावर,
मोहरीहून बारीक.
फरशीवर नेऊन काडी लावली.
आवाज नाही. भस्सकन एक पिवळी झळ,
आणि वास,
जो आबांच्या खाकी कोटाला यायचा
आणि मला लहानपणी वाटायचं,
बाप असाच वास मारतो.

पुंगळीत तेलाचा थेंब सोडून
चाचांनी ती माझ्या हातावर ठेवली.
पैसे घेतले नाहीत.

रात्री भावाचा सुयश अंथरुणात शिरला.
"आत्या, सशाची."
मी पठार सांगितलं, दहिवर सांगितलं,
ससा उभा केला.
मग थांबले.
"पुढं?"
परत थांबले.
"मग आजोबांनी बंदूक खाली घेतली."
"आणि ससा?"
ससा गेला, म्हटलं, गवतातनं, उड्या मारत.
तेवढं खरं आहे.